बाळाच्या कवटीची शिवण वेळेआधी जुळली तर : शस्त्रक्रियेचे पर्याय आणि वेळेचं गणित

आजचा विषय ऐकायला जरा अवघड वाटेल, पण तो प्रत्येक घरात येणाऱ्या तान्ह्या बाळाशी जोडलेला आहे. बाळाच्या कवटीतले सांधे वेळेआधी जुळून जातात, त्या आजाराला वैद्यकीय भाषेत 'क्रेनिओसिनोस्टोसिस' म्हणतात. साधारण दोन ते अडीच हजार जन्मांमागे एका बाळाला हा त्रास असतो. म्हणजे फार दुर्मीळ म्हणावा असा नाही, आणि रोज दिसावा असाही नाही. त्यामुळेच तो लक्षात यायला उशीर होतो. कोणती शस्त्रक्रिया करता येईल हे बऱ्याच अंशी बाळाचं वय ठरवतं. त्यामुळे आज आपण ऑपरेशन कसं करतात एवढंच पाहणार नाही, ते कधी करतात आणि का, हेही पाहणार आहोत.

कवटी एकसंध का नसते?

मोठ्या माणसाची कवटी हाताला एकसंध लागते. तान्ह्या बाळाची तशी नसते. कपाळाची दोन हाडं, वरची डावी-उजवी दोन, मागचं एक, अशी वेगवेगळी हाडं शेजारी-शेजारी असतात, आणि त्यांच्या मधल्या फटी चिवट पडद्यानं जोडलेल्या असतात. या फटींना आपण 'शिवण' म्हणू या, कारण त्या दिसतातही तशाच. जिथे शिवणी एकत्र येतात तिथली मऊ जागा म्हणजे टाळू. पुढची मोठी टाळू आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. ती साधारण एक ते दीड वर्षाच्या सुमारास भरते.

चार शिवणींची नावं लक्षात ठेवा. डोक्याच्या मधोमध पुढून मागे जाते ती सॅजायटल. कपाळाच्या मधून जाते ती मेटोपिक. पुढच्या टाळूपासून दोन्ही कानांकडे उतरतात त्या कोरोनल. आणि मागच्या बाजूला असतात त्या लॅम्डॉइड. यांपैकी मेटोपिक शिवण पहिल्या वर्षातच आपोआप जुळते, ते नैसर्गिक आहे. बाकीच्या शिवणी मोठेपणापर्यंत उघड्या राहायला हव्यात.

त्या उघड्या का हव्यात, हे आकड्यांत पाहू. जन्मताना डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला जवळपास २ सेंटिमीटर वाढतो, पुढचे तीन महिने महिन्याला १, आणि त्यानंतरचे सहा महिने महिन्याला अर्धा. बेरीज केली तर वर्षभरात १२ सेंटिमीटर. आणि त्यापुढे सगळ्या आयुष्यात मिळून आणखी आठ-दहा. या वाढीमागे जोर असतो तो मेंदूचा. मेंदू आतून वाढतो, कवटीला बाहेर ढकलतो, आणि शिवणींच्या कडेला नवीन हाड तयार होतं.

१२ सेंटिमीटरपैकी ६ सेंटिमीटर पहिल्या तीन महिन्यांतच होतात, हे ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

एक शिवण बंद झाली की काय होतं?

१८५१ साली रुडॉल्फ विरखॉ या जर्मन शास्त्रज्ञानं एक साधा नियम मांडला. जी शिवण बंद होते, तिच्या आडव्या दिशेनं कवटीची वाढ थांबते, आणि मेंदूला जागा हवीच असते म्हणून कवटी दुसऱ्या दिशेनं जास्त वाढते. हा नियम कळला की डोक्याचा आकार पाहून कुठली शिवण बंद आहे याचा अंदाज येतो.

सॅजायटल बंद असेल तर डोकं रुंदीला वाढत नाही, लांबीला वाढतं. वरून पाहिलं तर नावेसारखं लांबट आणि अरुंद दिसतं. जवळपास निम्मी बाळं या प्रकारातली असतात, आणि त्यांत मुलगे मुलींच्या तिप्पट-चौपट. मेटोपिक फार लवकर बंद झाली तर वरून पाहिल्यावर कपाळ त्रिकोणी दिसतं आणि डोळे जवळजवळ आल्यासारखे वाटतात. एका बाजूची कोरोनल बंद असेल तर त्या बाजूचं कपाळ मागे बसतं, भुवई वर ओढली जाते, नाक थोडं वाकडं दिसतं. लॅम्डॉइडचा प्रकार सगळ्यांत विरळा.

आणि काही बाळांत एकापेक्षा जास्त शिवणी बंद असतात. यातल्या अनेकांना एपर्ट, क्रूझाँ, फायफर असे जनुकीय सिंड्रोम असतात. तिथे चेहऱ्याची मधली हाडं मागे राहतात, श्वासाला अडथळा येतो, एपर्टमध्ये हातापायांची बोटं जुळलेली असतात.

आता पालकांचा पहिला प्रश्न असतो, मेंदूला धोका आहे का? उत्तर सरळ द्यायला हवं. एकच शिवण बंद असेल तर बहुतेक बाळांच्या मेंदूवर घातक दाब येत नाही, पण काहींच्या येतो. जास्त शिवणी बंद असतील तर हा धोका खूपच वाढतो. दाब बराच काळ राहिला तर डोळ्याच्या मागच्या नसेला इजा होऊन नजर जाऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेचे हेतू दोन : मेंदूला जागा करून देणं, आणि डोक्याचा-चेहऱ्याचा आकार नीट करणं. दुसरा हेतू कमी महत्त्वाचा समजू नका. त्या चेहऱ्यानं मूल शाळेत जाणार असतं, चारचौघांत वावरणार असतं. पण ऑपरेशन केल्यानं मूल जास्त हुशार होईल, असं आश्वासन कुणी देत असेल तर त्यावर विसंबू नका. या मुलांच्या शिकण्या-बोलण्यावर ऑपरेशननंतरही लक्ष ठेवावं लागतं.

प्रत्येक चपटं डोकं म्हणजे हा आजार नव्हे

डोकं वेडंवाकडं दिसणाऱ्या बाळांपैकी बहुसंख्य बाळांना कुठलीही शस्त्रक्रिया लागत नाही. बाळ सतत एकाच कुशीवर मान करून झोपतं आणि मऊ कवटी त्या बाजूनं चपटी होते. १९९२ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं बाळाला पालथं झोपवू नका, असा सल्ला दिला. त्यामुळे झोपेत दगावणाऱ्या बाळांची संख्या बरीच कमी झाली, पण मागून चपटी डोकी जास्त दिसायला लागली. तो सौदा अर्थातच फायद्याचा आहे. बाळाला झोपवायचं उताणंच. जागं असताना मात्र, आपल्या डोळ्यांसमोर, दिवसातून थोडा-थोडा वेळ पालथं ठेवायचं.

मग फरक ओळखायचा कसा? बाळाला मांडीवर बसवा आणि वरून बघा. झोपण्यामुळे चपटं झालेलं डोकं तिरकं सरकलेल्या चौकोनासारखं दिसतं. ज्या बाजूला मागून चपटं, त्याच बाजूचा कान आणि कपाळ पुढे आलेलं असतं. लॅम्डॉइड बंद असेल तर त्या बाजूचा कान बहुधा मागे आणि खाली ओढलेला दिसतो, कानामागे उंचवटा येतो. दुसरी खूण म्हणजे बंद शिवणीवर बोट फिरवलं तर कडक उंचवटा लागतो. तिसरी खूण काळाची : झोपण्यामुळे आलेला चपटेपणा सहसा जन्मताना नसतो, नंतर येतो, आणि कूस बदलायला लागल्यावर सुधारत जातो. बंद शिवणीचा आकार बहुधा जन्मापासून असतो आणि महिन्यागणिक वाढत जातो.

दोन गैरसमज इथेच दूर करू. पहिला : 'टाळू उघडी आहे, मग काळजी नाही.' तसं नाही. सॅजायटल पूर्ण बंद असतानाही पुढची टाळू उघडी असू शकते. दुसरा : 'डोक्याचा घेर तर बरोबर आहे.' सॅजायटलमध्ये डोकं लांब झालेलं असतं, म्हणून घेर नेहमीइतका, कधीकधी जास्तच भरतो. टेप लावाच, पण आकारही पाहा.

याच्या उलट, कवटी लहान आहे कारण मेंदूच वाढत नाहीये, अशीही बाळं असतात. तिथे हाड कापून उपयोग होत नाही. इतिहासात ही गल्लत फार महागात पडली आहे. १८९० च्या सुमारास पॅरिसमध्ये लानलाँग आणि त्याच काळात अमेरिकेत लेन यांनी कवटीची पट्टी कापण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. त्यांतली बरीच मुलं मुळात मेंदूची वाढ खुंटलेली होती. फायदा झाला नाही, आणि कित्येक मुलं दगावली. न्यूयॉर्कच्या अब्राहम जाकोबी या नामवंत बालरोगतज्ज्ञानं या प्रकारावर इतकी कडक टीका केली की पुढची काही दशकं ही शस्त्रक्रिया जवळजवळ बंदच पडली. म्हणून निदान आधी, चाकू नंतर.

निदान बऱ्याचदा अनुभवी डॉक्टर डोळ्यांनी आणि हातानं तपासूनच करतात. लहान बाळात सोनोग्राफीनंही शिवण पाहता येते. नक्की करायला आणि ऑपरेशन आखायला कमी किरणांचा सीटी स्कॅन करतात, त्यातून कवटीचं त्रिमितीय चित्र मिळतं.

पर्याय पहिला : एंडोस्कोपनं पट्टी काढणं आणि हेल्मेट

१९९० च्या दशकात अमेरिकेत हिमेनेझ आणि बरोन या सर्जनांनी ही पद्धत पुढे आणली. सॅजायटलसाठी डोक्यावर दोन-तीन सेंटिमीटरचे दोन छोटे छेद घेतात. त्यातून दुर्बीण घालून बंद शिवणीची हाडाची पट्टी काढून टाकतात. साधारण तासाभराचं काम. रक्त कमी जातं, बाळ एक-दोन दिवसांत घरी जातं.

पण पट्टी काढली म्हणजे आकार आला असं नाही. आकार देतो तो वाढणारा मेंदू, आणि त्याला वळण लावतं ते हेल्मेट. मापाचं बनवलेलं हे हेल्मेट दिवसातले जवळपास २३ तास घालायचं, आणि ते बहुधा बाळ वर्षाचं होईपर्यंत चालतं. डोकं वाढतं तसं हेल्मेट बदलावं लागतं.

आता मघाचं गणित आठवा. मेंदूचा हा जोर पहिल्या महिन्यांतच सगळ्यांत जास्त. हाडही तेव्हाच पातळ असतं. म्हणून ही शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत व्हावी, फार तर सहाव्यापर्यंत. त्यानंतर हा पर्याय हातातून जातो.

आपल्याकडची व्यवहाराची अडचणही सांगायला हवी. मापाची हेल्मेट बनवणारी केंद्रं सगळीकडे नाहीत. मे महिन्याच्या उकाड्यात तान्ह्या बाळाच्या डोक्यावर २३ तास हेल्मेट, घाम, पुरळ, आणि तपासणीसाठी पुन्हा-पुन्हा प्रवास. हे जमणार असेल तरच हा मार्ग घ्यावा. छोटं ऑपरेशन केलं आणि हेल्मेट अर्धवट सोडलं, तर अपेक्षित आकार मिळणं अवघड.

पर्याय दुसरा : स्प्रिंग

स्वीडनमधल्या गोटेबर्गचे सर्जन लाउरिट्झेन यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही कल्पना वापरात आणली. बंद शिवण कापायची आणि त्या फटीत स्टीलच्या तारेच्या स्प्रिंग बसवायच्या. स्प्रिंग हळूहळू उघडते आणि कवटी रुंद करते. हेल्मेट लागत नाही. मात्र काही महिन्यांनी स्प्रिंग काढायला दुसरं, छोटं ऑपरेशन करावं लागतं. हेही मुख्यतः सॅजायटलसाठी आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना.

पर्याय तिसरा : कवटीची खुली पुनर्रचना

ही मोठी शस्त्रक्रिया. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत नागमोडी छेद घेतात. नागमोडी अशासाठी की पुढे केस वाढले की व्रण झाकला जातो. कवटीचे भाग सुटे करतात, त्यांना आकार देतात आणि पुन्हा बसवतात. त्यासाठी विरघळणाऱ्या प्लेट आणि स्क्रू वापरता येतात. त्या साधारण वर्षभरात शरीरात विरघळून जातात. कपाळ आणि डोळ्यांच्या खोबणीची वरची कड पुढे आणायची असेल, म्हणजे मेटोपिक आणि कोरोनल प्रकारात, तर 'फ्रंटो-ऑर्बिटल अ‍ॅडव्हान्समेंट' करतात. यामागचा पाया पॅरिसचे पॉल टेसिए यांनी १९६० च्या दशकात घातला. न्यूरोसर्जन आणि प्लास्टिक सर्जन यांनी एकाच टेबलावर मिळून काम करायचं, ही रीत त्यांच्या कामातून रुजली.

हिच्यासाठी सहसा सहा ते बारा महिने हे वय निवडतात. तुम्ही म्हणाल, लवकर केलेलं चांगलं, मग इथे थांबायचं का? कारण रक्त. बाळाच्या शरीरात दर किलोला साधारण ८० मिलिलिटर रक्त असतं. सहा किलोच्या बाळात सगळं मिळून अर्धा लिटरही भरत नाही. मोठ्या माणसाला क्षुल्लक वाटेल एवढा रक्तस्राव इथे जिवावर बेततो. म्हणून वजन थोडं वाढू द्यायचं, हाड स्क्रू धरण्याइतकं होऊ द्यायचं. आणि फार थांबायचंही नाही. कारण वर्ष-दीड वर्षानंतर हाडातल्या मोकळ्या जागा आपोआप नीट भरून येत नाहीत.

या शस्त्रक्रियेला तीन ते सहा तास लागतात. रक्त बहुधा द्यावं लागतं, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड या औषधानं त्याचं प्रमाण कमी करता येतं. दुसऱ्या दिवशी चेहरा सुजतो, डोळे पूर्ण मिटतात. हे पाहून घरचे हादरतात, म्हणून आधीच सांगतो : तीन-चार दिवसांत सूज उतरते आणि डोळे उघडतात. जंतुसंसर्ग, मेंदूच्या आवरणाला छेद, पुढे पुन्हा ऑपरेशनची गरज, हे धोके आहेत. सरावलेल्या केंद्रात मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली असतं, पण शून्य नसतं.

पर्याय चौथा : हाड हळूहळू ताणणं

सिंड्रोम असलेल्या, अनेक शिवणी बंद असलेल्या बाळांत मेंदूला बरीच जागा हवी असते, आणि ती एकदम दिली तर वरची त्वचा पुरत नाही. तिथे कवटीचा मागचा भाग कापून त्याला ताणणारी यंत्रणा बसवतात आणि बाहेरून तिचा स्क्रू फिरवून रोज साधारण १ मिलिमीटर हाड सरकवतात. हाडासोबत त्वचाही वाढते. या मुलांना पुढे वाढत्या वयात चेहऱ्याच्या हाडांसाठीही शस्त्रक्रिया लागतात. एका ऑपरेशनात काम संपत नाही, अनेक वर्षांचा आराखडा लागतो.

आणि पाचवा : ऑपरेशन न करणं

हाही पर्यायच आहे. कपाळावर मधोमध नुसती उभी रेघ जाणवते, पण कपाळ त्रिकोणी नाही, अशा बाळांना काही करावं लागत नाही. दोष सौम्य असेल, दाबाची लक्षणं नसतील, तर ठरावीक काळानं डोळ्यांची आणि विकासाची तपासणी करत लक्ष ठेवता येतं.

१४ आठवड्यांची भेट

आपल्या सरकारी लसीकरणाच्या वेळापत्रकात बाळ ६, १० आणि १४ आठवड्यांचं असताना लस असते. त्यानंतरची भेट थेट ९ महिन्यांची. आता हे वर सांगितलेल्या मुदतींवर ठेवून बघा. १४ आठवडे म्हणजे सव्वातीन महिने, एंडोस्कोपचा पर्याय अजून हातात असतो. ९ महिन्यांना तो गेलेला असतो. उरते ती मोठी शस्त्रक्रिया, तीही लगबगीनं. मधल्या पावणेसहा महिन्यांत निरोगी दिसणारं बाळ कुणी डॉक्टरांना दाखवेलच असं नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. त्या तिन्ही भेटींत 'बाळाचं डोकं एकदा वरून बघा आणि टेप लावा' असं स्वतः म्हणा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

प्रश्नोत्तरं

*एका आजींचा प्रश्न : आमच्याकडे न्हाऊ घालणाऱ्या मावशी तेल लावून डोकं दाबून गोल करतात. त्यानं हे बरं होतं का? की त्यानंच होतं?*

आजी, दोन्ही नाही. टाळूवर तेल घातल्यानं किंवा मालिश केल्यानं शिवण बंद होत नाही, तेव्हा कुणी स्वतःला किंवा त्या मावशींना दोष देऊ नये. पण जुळलेलं हाड दाबून उघडतही नाही. तोटा होतो तो वेळेचा. 'दोन महिने मालिश करू, होईल गोल' म्हणताना तेच महत्त्वाचे महिने जातात. हलक्या हातानं तेल लावा, पण कवटी दाबू नका. मोहरीची उशीही जुळलेली शिवण उघडत नाही, आणि झोपलेल्या तान्ह्याच्या डोक्याखाली उशी नसलेलीच बरी. खरं तर त्या मावशींचा हात किती बाळांच्या डोक्यांवरून फिरलेला असतो! 'या बाळाचं डोकं वेगळं लागतंय' असं त्या म्हणाल्या तर ते मनावर घ्या.

*पुढचं मूलही असंच होईल का?*

एकच शिवण बंद असेल आणि घरात आधी कुणाला नसेल, तर शक्यता कमी असते. बहुतेकांत नेमकं कारण सापडतच नाही. आईनं काय खाल्लं, ग्रहणात काय केलं, याचा संबंध नाही. सिंड्रोम असेल आणि तो आईवडलांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक मुलात निम्मी शक्यता असते. तिथे जनुकीय सल्ला जरूर घ्यावा.

*आमची मुलगी दोन वर्षांची आहे, आत्ता कळलं. उशीर झाला का?*

छोट्या ऑपरेशनला उशीर झाला, उपचाराला नाही. आधी डोळ्यांच्या मागचा भाग तपासून घ्या, दाब आहे का ते पाहू द्या. त्यावर ठरेल. या वयातही खुली शस्त्रक्रिया करतात.

*सर्जनला काय विचारावं?*

चार गोष्टी. तुमच्याकडे अशा शस्त्रक्रिया नेहमी होतात का? न्यूरोसर्जन, प्लास्टिक सर्जन आणि लहान मुलांची भूल देणारे डॉक्टर एकत्र असतात का? रक्ताची आणि बाळांच्या अतिदक्षता विभागाची सोय काय? हेल्मेट लागलं तर ते कोण बनवणार, आणि पुढची तपासणी किती वर्षं? हे विचारल्यानं डॉक्टर रागावत नाहीत. रागावलेच, तर दुसरं मत जरूर घ्या.